मूठ हाताकडे

सिस्टरांच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात एका सकाळी कात्री उलटी निघाली, आणि त्यांच्या पोटात जो गोळा आला तो पुढे दोन महिने तिथेच मुक्काम ठोकून बसला.

आता कात्रीचं तोंड खणात इकडे आहे की तिकडे, याने तुमच्याआमच्या घरात कुणाचं काही अडत नाही. आपल्याकडे कात्री खणात सापडली हेच नशीब. पण सिस्टरांची तऱ्हा निराळी. त्यांची उभी हयात ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या शेजारी उभं राहण्यात गेली होती. तिथला कायदा साधा होता. सर्जनने नजर न उचलता नुसता हात पुढे करायचा, आणि हवं ते हत्यार मुठीकडून त्याच्या तळहातावर बसलं पाहिजे. शोधाशोध नाही, ‘अगं इथेच तर होतं’ नाही. त्यासाठी ट्रेवर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, प्रत्येकीची मूठ हाताकडे, आणि ट्रेला सिस्टरांखेरीज दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा एका नवख्या डॉक्टरने घाईत ट्रेवरचा चिमटा स्वतःच उचलला. सिस्टरांनी मास्कच्या वरून त्याच्याकडे फक्त बघितलं. तो डॉक्टर आज विभागप्रमुख आहे, डोक्यावर केस उरले नाहीत, पण सिस्टर रस्त्यात भेटल्या की अजूनही दोन्ही हात पाठीमागे धरून बोलतो.

निवृत्तीनंतर ट्रे सुटला, पण खोड सुटली नाही. घरातही तोच कायदा लागू झाला. नवरा हयात होता तोवर त्या बिचाऱ्याला स्वतःच्या वर्तमानपत्राखेरीज कशाचीही जागा बदलायची मुभा नव्हती. मुलाला ‘हात नाही लावायचा’ हे चालता येण्याआधी कळायला लागलं होतं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिने मोठ्या हौसेने सासूबाईंची कपाटं पुसून भांडी नव्याने लावली. त्या दिवशी घरात जे रामायण घडलं त्याचा विषय अजूनही कुणी काढत नाही. थोडक्यात, या कुटुंबात सिस्टरांच्या वस्तूला हात लावणं हा दरोड्यापेक्षा मोठा गुन्हा होता. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यापायीच झाला.

तर त्या सकाळी सिस्टरांनी गोळ्यांचं पाकीट कापायला न बघता खण ओढला, न बघता हात घातला, आणि बोटांना मुठीऐवजी पात्यांची टोकं लागली. लागलं काही नाही. पण त्या खण तसाच उघडा ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. कात्रीची मूठ डावीकडे होती. घरात त्या एकट्या. दाराला रात्री कडी, बाहेर जाताना कुलूप, दोन्ही त्यांच्याच हातचं. म्हणजे ही कात्री ठेवली कुणी? मीच. दुसरं कोण?

आणि मग एकदा लागलेली ठेच लागतच राहिली. पायाशी ठेवायचं ब्लँकेट एका संध्याकाळी भलत्याच घडीत सापडलं. साखरेचा डबा तळाला गेला होता, सोमवारी आणू असं त्या मनाशी म्हणाल्या होत्या, आणि सोमवार उजाडायच्या आत डबा गळ्यापर्यंत भरलेला. थर्मासमध्ये गरम पाणी भरल्याचं आठवत नाही आणि थर्मास भरलेला. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला गेल्या तर माती आधीच ओली. त्या त्या वेळी सिस्टर स्वतःला समजावायच्या, की असेल, घाईत केलं असेल. पण घाईत काही करणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

कळस झाला तो बल्बचा. आतल्या बोळकांडीतला बल्ब आठवडाभर मिचमिच करत होता. स्टुलावर चढायचं नाही, असं मुलाने हातापाया पडून कबूल करून घेतलं होतं, म्हणून त्या वायरमनची वाट बघत होत्या. एका दुपारी बाहेरून आल्या, सवयीने बटण दाबलं, आणि बोळकांडी लख्ख उजळली. नवा बल्ब. स्टूल आपल्या जागी भिंतीला टेकलेलं. कचऱ्याच्या डब्यात जुना बल्ब कागदात नीट गुंडाळून टाकलेला, काच कुणाला लागू नये म्हणून त्या नेहमी गुंडाळत तसा. सिस्टर त्याच स्टुलावर मटकन बसल्या. आपण चढलो, हात वर करून बल्ब फिरवला, उतरलो, कागद शोधला, आणि यातलं एक अक्षर आपल्याला आठवत नाही. पडलो असतो तर? पडलो असतो ते तरी आठवलं असतं का?

तुम्ही म्हणाल, बाई एवढी हुशार, मग घरात कुणी येऊन जात असेल असं कसं मनात आलं नाही? अहो, आलं तरी टिकलं नाही. चोर येतो तो न्यायला येतो. साखर भरून आणि बल्ब लावून जाणारा चोर कुणी बघितलाय? आणि घरच्यांपैकी असलं धाडस करायची कुणाची बिशाद होती? जादा किल्ली मुलाकडे होती खरी, पण ती सिस्टरांनी स्वतः पाकिटात घालून, वर चिकटपट्टी लावून, ‘मी दार उघडलं नाही तरच’ असा दम भरून दिली होती. ते पाकीट मुलाने फोडलं असेल अशी शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. माणसाला स्वतःच्या दराऱ्याचा एवढा भरवसा असू नये.

आता या सगळ्याची धास्ती एवढी का, ते सांगायला हवं. हिवाळ्यात सिस्टरांना ताप आला होता. कुणाला कळवायचं नाही म्हणून त्या चार दिवस अंथरुणात पडून राहिल्या, फोनवर आवाज कडक ठेवून ‘मी मजेत आहे’ म्हणत राहिल्या, आणि पाचव्या दिवशी मुलगा सहज आला तेव्हा दार उघडायला त्यांना भिंत धरत यावं लागलं. मुलगा पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. धरणाच्या भिंतीला तडा गेला तरी शांत राहणारा माणूस, पण त्या दिवशी आईसमोर रडला. मग त्याने आपल्या घरातली मागची खोली रिकामी केली, पलंगाचे पाय कापून तो बुटका केला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि म्हणाला, “आई, चल आता.”

“येईन,” सिस्टर म्हणाल्या होत्या. “ज्या दिवशी माझ्या डोक्यावर माझा भरवसा राहणार नाही, त्या दिवशी मी आपणहून येईन. तुला परत सांगावं लागणार नाही. तोवर हा विषय बंद.”

आणि विषय खरंच बंद झाला होता. या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीतून दिसणारा बस डेपो, सकाळी डेपोतून बाहेर पडणाऱ्या पहिल्या बसच्या आवाजाबरोबर उठणं, मनात येईल तेव्हा जेवणं आणि मनात नसेल तर न जेवणं, रेडिओ हवा तेवढा मोठा लावणं. एवढंच त्यांचं राज्य. पण त्या राज्यात त्यांच्यावर हुकूम चालवणारं कुणी नव्हतं. आयुष्यभर ड्युटीच्या घंटेवर नाचलेल्या बाईला त्याची किंमत काय असते हे आपल्याला नाही कळायचं. मुलाचं घर वाईट नव्हतं, सून गुणाची होती. पण तिथे त्या पाहुण्या झाल्या असत्या, आणि पाहुण्याला स्वतःचा खण नसतो.

म्हणून सिस्टरांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. भाजी चिरता चिरता पोटाच्या ऑपरेशनचा सगळा ट्रे डावीकडून उजवीकडे मनात मांडायच्या. एक चिमटा चुकायचा नाही. पण त्याने धीर यायच्या ऐवजी जास्तच हबकायच्या, कारण वॉर्डात त्यांनी हेच तर पाहिलं होतं. जुनं सगळं पाठ असतं, सकाळी काय केलं तेवढं पुसून जातं. डॉक्टरकडे जावं म्हटलं तर पाय उचलेना. दुसऱ्याला ‘अंगावर काढू नका हो’ म्हणून दरडावणाऱ्या सिस्टर स्वतःच्या बाबतीत मूग गिळून बसल्या. सांगायचं तरी कुणाला? धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची, रोज फोन करायची. पण तिने जन्मभर ब्यूटी पार्लर चालवलेलं. तिच्या कानात पडलेली गोष्ट गावभर व्हायला एक केस कापायचा वेळ पुरायचा.

आठवड्यातून दोन सकाळी सिस्टर आरोग्य केंद्रात म्हाताऱ्या मंडळींचं ब्लडप्रेशर मोजायला जायच्या, फुकट. तिथे एक मास्तर येत, जुने गणिताचे. बाही वर करताना ते दर वेळी म्हणायचे, “सिस्टर, जास्त आवळू नका, आत हाडंच आहेत.” आणि सिस्टर हसायच्या. त्या दिवशीही मास्तर आले, बाही वर केली, तेच बोलले, सिस्टर हसल्या, आकडा सांगितला, मास्तर गेले. मध्ये दोन-तीन माणसं झाली. मग परत मास्तर समोर येऊन बसले, परत बाही वर केली आणि अगदी त्याच उत्साहाने म्हणाले, “सिस्टर, जास्त आवळू नका, आत हाडंच आहेत.”

मागे मास्तरांची मुलगी उभी होती. तिने नजर जमिनीकडे वळवली. सिस्टरांनी पट्टा पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं आणि पुन्हा हसल्या. पण मास्तर गेल्यावर त्यांना पुढच्या बाईचा दंड नीट सापडेना. आपण आहोत कुठे, त्या विचार करत होत्या. अजून मास्तरांच्या अलीकडे, की आपल्यालाही लोक दुसऱ्यांदा हसून दाखवतायत?

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी मुलाला फोन लावला. “रविवारी तुम्ही दोघं या. मावशीलाही सांग. मला बोलायचंय.” आपल्याला कुणी पकडण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हायचं, हे त्यांनी जिना चढता चढता ठरवलं होतं. दिलेला शब्द होता, आणि शब्द मोडायचा तर आपणच केलेला कायदा मोडल्यासारखं झालं असतं. त्या रात्री त्यांनी आपली खोली नुसती डोळ्यांनी आवरली. काय न्यायचं, काय नाही. रडू मात्र आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी तिघंही हजर झाली. मुलाचा चेहरा तोंडी परीक्षेला आल्यासारखा. सुनेने येताना सफरचंदं आणली होती. बहीण आल्या आल्या खुर्चीत बसली आणि जिन्याला, गुडघ्याला आणि सरकारला एका दमात नावं ठेवून मोकळी झाली. सिस्टरांनी चहा केला. मुलगा उगाच इकडे तिकडे बघत होता, मग म्हणाला, “आई, सफरचंद कापू का? सुरी घेऊ?”

“घे,” सिस्टर म्हणाल्या. आता सुरीला कुणी हात लावला काय आणि न लावला काय.

तो ओट्याशी उभा राहून कापायला लागला. सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि थिएटरबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना सांगायच्या त्या आवाजात म्हणाल्या, “मी यायला तयार आहे. तुमच्याकडे. पुढच्या महिन्यात न्या.”

ओट्याशी सुरी थांबली. खरं तर मुलाने उडी मारायला हवी होती. हिवाळ्यापासून हेच तर मागत होता. पण त्याचा चेहरा पांढरा पडला. “का?” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“का म्हणजे? तूच म्हणत होतास ना?”

“आई, बरं नाहीये का तुम्हाला?” सून पुढे सरकली. “काही लपवताय का?”

“लपवत होते. आता नाही लपवत.” सिस्टरांनी आवाज जागेवर ठेवायचा प्रयत्न केला, पण तो जरा हललाच. “माझं डोकं मला दगा देतंय. वस्तू भलतीकडे ठेवते. साखर आणते आणि आणल्याचं आठवत नाही. त्या बोळकांडीतला बल्ब... मी स्टुलावर चढून तो बदलला, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. उद्या गॅस चालू ठेवून झोपेन. तुमच्या जिवाला घोर नको. मी शब्द दिला होता, तो पाळतेय.”

बहिणीचा कप तोंडापाशी थबकलेला. सुनेचे कान लाल झालेले. आणि मुलाचं तोंड उघडं. तो बोलायच्या बेतात होता, हे मी त्याच्या बाजूने सांगून ठेवतो. पोरगं वाईट नव्हतं. पण हातात ओली सुरी होती, आणि ओली सुरी ओट्यावर टाकली तर आई रागावेल, ही भीती हाडात एवढी मुरलेली, की कबुली द्यायच्या आधी त्याने ती पुसली, खण ओढला, आणि आईच्या शिस्तीप्रमाणे व्यवस्थित आत ठेवली.

सिस्टर बघत होत्या. “थांब,” त्या म्हणाल्या. “खण लावू नकोस.”

मुलगा जागच्या जागी थिजला. सिस्टर उठल्या, खणापाशी आल्या. सुरीची मूठ डावीकडे होती.

“ही अशी का ठेवलीस?”

“तू म्हणतेस तशीच ठेवली,” तो घाईघाईने म्हणाला. “मूठ हाताकडे.”

“कुठल्या हाताकडे?”

त्याने सुरीकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. मुलगा जन्माचा डावखुरा. डाव्या हाताने चेंडू फेकून त्याने गल्लीतल्या काचा फोडल्या, डाव्या हाताने लिहून इंजिनिअर झाला, आणि आईसमोर तो डावा हात इतकी वर्षं वावरत होता की तो आईला आता वेगळा दिसतच नव्हता. लहानपणापासून त्याने कायदा तंतोतंत पाळला होता. फक्त आपल्या हाताने.

“कात्री तू ठेवली होतीस,” सिस्टर म्हणाल्या.

“आई, ऐक ना जरा...”

“ते पाकीट फोडलंस.”

“फोडलं.” आता लपवण्यात अर्थ नव्हता. “तुला ताप आला होता ना, त्यानंतर माझ्या डोळ्याला डोळा लागेना. तू फोनवर सगळं छान आहे म्हणतेस. म्हणून तू केंद्रात गेलीस की कामावर जाता जाता येऊन जायचो. गोळ्या घेतल्यास का, गॅस नीट बंद आहे का. कात्री एकदाच घेतली, एक सैल झालेली वायर कापायला. देवाशपथ, बाकी कशाला हात लावला नाही.”

“आणि बल्ब?”

“बल्ब मी नाही,” मुलगा म्हणाला.

“बल्ब मी,” सून म्हणाली.

मुलगा गर्रकन वळला. “तू इथे येतेस?”

“तू येतोस?” सून त्याच्यावर उखडली. “आणि मला सांगतोस साइटवर होतो म्हणून! तुझ्या ड्रॉवरमधली किल्ली एक दिवस नेऊन मी तशीच करून आणली. फ्रिजमधलं शिळं बघायला यायचे. बल्ब कधीचा लुकलुकत होता, आई स्टुलावर चढतील अशी धाकधूक वाटली, म्हणून लावला. कागदात गुंडाळून टाकला, तुम्ही टाकता तसा. म्हणजे तुम्हाला कळू नये...” ती अडखळली. “वायरमन येऊन गेला असं वाटेल, असं मला वाटलं.”

“बंद घरात वायरमन?” सिस्टर म्हणाल्या.

“तेवढा विचार नाही केला.”

मग तिघांच्याही माना हळूहळू खुर्चीकडे वळल्या. बहीण कपाच्या तळाशी काहीतरी महत्त्वाचं शोधत होती.

“साखर,” सिस्टर म्हणाल्या.

“अगं, संपत आली होती,” बहीण कपातच बोलली. “म्हटलं फिक्का चहा पिशील.”

“थर्मास? ब्लँकेट? कुंडी?”

“तू संध्याकाळी फिरायला जातेस तेव्हा मी जरा टेकते इथे. माझ्या घरी टीव्हीचा आवाज, सुनांचे फोन. इथे कसं शांत वाटतं. पाय गार पडतात म्हणून ब्लँकेट घ्यायचे. आणि फुकट बसायचं ते बरं दिसत नाही, म्हणून आपलं थर्मास भर, पाणी घाल.”

“माझ्या घरात बसून, माझ्यामागे, चहा पीत होतीस?”

“अर्धा कप!”

“तुला किल्ली कुणी दिली?”

बहिणीने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. “भावजींनी. जायच्या आधी, दवाखान्यात. म्हणाले, ही काही कुणाला बोलावणार नाही, तू आपणहून जात जा. इतकी वर्षं तशीच ठेवली होती, ताई. तुझी भीती वाटायची. हिवाळ्यानंतर मग राहवेना.”

सिस्टरांनी खुर्चीची पाठ धरली आणि त्या खाली बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा सुनेला वाटलं रडतायत, ती धावली. पण सिस्टर हसत होत्या. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीन माणसं, तीन किल्ल्या, तिघं एकमेकांना चोरून मांजराच्या पावलांनी जिना चढतायत, आणि एवढ्या वर्दळीत कुणी कुणाला धडकलं नाही! आणि आपण मात्र या तिघांचा सगळा बावळटपणा दोन महिने स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होतो. त्यांचा जीव असा भांड्यात पडला, की त्याचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असेल. मग हसण्याचं रडणं झालं, आणि इतके दिवस आवरून धरलेलं सगळं मोकळेपणी वाहून गेलं. बहीणही रडली. ती काय, कुणी रडलं की रडतेच.

“मूर्खांनो,” शेवटी नाक पुसत सिस्टर म्हणाल्या. “एकाने तरी सांगायचं.”

“तुला?” मुलगा आणि बहीण एकदम म्हणाले. खरं सांगायचं तर ते सिस्टरांना लागलं. आपल्याला जपायला आपल्याच माणसांना चोरासारखं यावं लागावं, असा धाक आपण घातला. आणि त्याची शिक्षाही आपणच भोगली.

वातावरण सैल झालं. सफरचंदाच्या फोडी फिरल्या. कोण कधी यायचं, कोण कसं जिन्यात लपायचं, याच्या गोष्टी निघाल्या, आणि त्याच भरात सून हसत हसत बहिणीला म्हणाली, “आणि मावशी, तो चष्मा तुमचाच ना, भाजीच्या खणात ठेवलेला? फ्रिज उघडला तर मिरच्यांवर चष्मा! मी काढून टेबलावर ठेवला.”

“माझा चष्मा?” बहिणीने छातीवर हात ठेवला. तिचा चष्मा दोरीला बांधून गळ्यात लटकत होता, गेली कित्येक वर्षं. “माझा कसा असेल?”

सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूच मावळलं. सगळ्यांना एकदमच कळलं.

“बहुतेक मीच,” मुलगा म्हणाला. “म्हणजे, त्या दिवशी मी...”

“तू माझा चष्मा घेऊन मिरच्यांत काय करत होतास?” सिस्टर म्हणाल्या.

त्याला आयुष्यात कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं.

सिस्टरांना तो दिवस आठवला. चष्मा सापडत नव्हता, म्हणून जुनाच लावून केंद्रात गेल्या होत्या. परत आल्या तर नवा टेबलावर, नेहमीच्या जागी. आपणच नीट बघितलं नाही, असं म्हणून विसरूनही गेल्या होत्या. म्हणजे हा त्यांच्या हिशोबातच नव्हता. ज्या ज्या गोष्टींनी त्यांची झोप उडवली त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या. आणि जी एक खरोखर त्यांची होती, ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

पोटातल्या गोळ्याची त्यांनी वाट बघितली. आला, पण लहानसा. याच्याबरोबर राहता येईल एवढा.

“असं एकदाच झालं?” त्यांनी विचारलं.

“एकदाच, आई. खरंच,” सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “मी उगाच बोलले.”

“उगाच नाही. आज तू एकटीनेच मला कामाचं काहीतरी सांगितलंस.” त्यांनी सुनेचा हात थोपटला. “उद्या डॉक्टरकडे जाईन. दाखवायला हवंच. तू चल बरोबर,” त्या बहिणीला म्हणाल्या, “पण तिथे तोंड उघडायचं नाही.”

“मग खोली?” मुलाने भीत भीत विचारलं. “येणार ना तू?”

“खोली राहू दे. दांडा छान बसवलायस, मी बघितलाय. पण आत्ता नाही येत.” सिस्टर उठून खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या. “येईन. तो दिवस यायचा तेव्हा येईलच, त्याला काही मी अडवणार नाही. पण तो मला कळायला हवा. तुम्ही असे मागून निस्तरत राहिलात तर मला कळणार कसा? यापुढे या. रोज या. फक्त बेल वाजवून या. साखर भरा, बल्ब लावा, ब्लँकेट घेऊन लोळा, हवं तिथे हात लावा. पण माझा चष्मा फ्रिजमध्ये दिसला तर तो काढायचा नाही. मला हाक मारायची, फ्रिज उघडून दाखवायचा. माझं म्हातारपण माझ्या पाठीमागे आवरून ठेवू नका. ते माझं आहे, ते मला बघू दे.”

मग मुलगा, पन्नाशीला आलेला, लहानपणच्या आवाजात म्हणाला, “दाखवल्यावर तू रागावणार नाहीस ना?”

“रागावेन,” सिस्टर म्हणाल्या. “घाबरेनसुद्धा. आणि मग तो गार चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेन.”